मुखवटा सर्वांचा, रक्त घराण्याचे : 'क्रिश ३'चे एक वाचन

१

कथेचा 'पुढचा भाग' ही आपल्या समीक्षेने फारशी गंभीरपणे न घेतलेली गोष्ट आहे. पहिला भाग निर्मितीच्या निकडीतून आला आणि पुढचा भाग धंद्याच्या सोयीसाठी, असे गृहीत धरूनच बहुतेक विवेचन होते. हे गृहीतक पुष्कळ वेळा खरे ठरते. पण ते खरे ठरल्यानेही पुढच्या भागाचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावयाचे, हा प्रश्न सुटत नाही. कारण पुढचा भाग ही स्वतंत्र संहिता नसते आणि पहिल्या संहितेची केवळ पुनरावृत्तीही नसते. तिचा अर्थ आधीच्या संहितेशी असलेल्या नात्यात असतो.

हे नाते समजून घेण्यासाठी नारदीय कीर्तनाची रचना उपयोगी पडते. पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन सिद्धान्ताचे निरूपण होते. उत्तररंगात आख्यान लागते. श्रोता उत्तररंगाला बसतो तो कथेच्या ओढीने हे खरे. परंतु पूर्वरंगात जे सांगितले गेले त्याचा पडताळा त्याला आख्यानात हवा असतो. आख्यान कितीही रंगले आणि निरूपणाशी त्याची गाठ पडली नाही, तर जाणता श्रोता 'कथा छान झाली' एवढेच म्हणून उठतो. पुढच्या भागाला हाच निकष लावावा असे मला वाटते. आधीच्या भागाने जो सिद्धान्त मांडला, त्याची परीक्षा पुढचा भाग घेतो काय? आणि ती घेताना तो स्वतःच नापास होत असेल, तर त्या अपयशातून काय दिसते?

प्रस्तुत लेखात राकेश रोशन दिग्दर्शित 'क्रिश ३' (२०१३) या विज्ञानकल्पनात्मक साहसपटाचे वाचन या निकषाने करावयाचे आहे. हा चित्रपट सदोष आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. तो रंजक आहे, हेही नाकारता येत नाही. त्याचे दोष आणि त्याची रंजकता एकाच ठिकाणाहून उगम पावतात, असे माझे म्हणणे आहे.

२

या मालिकेचा पूर्वरंग 'कोई... मिल गया' (२००३) हा आहे. मतिमंद म्हणून हिणवला जाणारा रोहित, परग्रहावरून आलेला 'जादू' आणि त्याच्याकडून मिळालेले सामर्थ्य, अशी ती कथा. जादूला बळ मिळते ते सूर्यप्रकाशातून. 'क्रिश'मध्ये (२००६) रोहितचा मुलगा कृष्णा हे सामर्थ्य जन्मतःच घेऊन येतो आणि मुखवटा चढवून 'क्रिश' होतो. 'क्रिश ३'मध्ये मुंबईत वृद्ध शास्त्रज्ञ रोहित, कृष्णा आणि त्याची पत्रकार पत्नी प्रिया असे कुटुंब आहे. काल नावाचा अपंग, पण मनोबलाने वस्तू हलविणारा उद्योगपती विषाणू पसरवितो आणि त्यावरचे औषध विकतो. माणूस व प्राणी यांच्या संकरातून त्याने 'मानवर' निर्माण केले आहेत.

शीर्षकातील आकडा लक्षणीय आहे. 'क्रिश २' नावाचा चित्रपटच नाही. नायकाच्या नावापुढे लागलेला तीनचा आकडा नायकाची साहसे मोजत नाही, तो भागांबरोबर पिढ्या मोजतो. उंबेर्तो एको यांनी पुनरावृत्तीवर उभ्या असलेल्या कथनप्रकारांचे १९८५ साली जे वर्गीकरण केले, त्यात 'मालिका' आणि 'वंशगाथा' असा भेद आहे. मालिकेत नायक तोच राहतो आणि काळ जणू सरकत नाही. वंशगाथेत माणसे वयात येतात, लग्ने होतात, मुले जन्मतात, वडीलधारे मरतात. याच एको यांनी १९६२ च्या आपल्या सुपरमॅनविषयक निबंधात दाखविले होते, की महानायकाला काळाने खर्च करून चालत नाही. सुपरमॅनचे लग्न झाले, तर ते मृत्यूच्या दिशेने टाकलेले पाऊल ठरेल. म्हणून त्याची प्रत्येक कथा मागच्या कथेचा विसर पडल्यासारखी नव्याने सुरू होते.

'क्रिश ३' हा नियम सरळ मोडतो. त्याचा महानायक संसारी आहे. त्याचे वडील त्याच्यासाठी प्राण देतात आणि शेवटी त्याला मुलगा होतो. आपल्याकडील बाबूराव अर्नाळकरांचा काळा पहाड शेकडो कथांतून वावरला, पण तो म्हातारा झाला नाही. त्या जातीचा मुखवटाधारी नायक आपल्या परंपरेत असूनही राकेश रोशन यांनी त्याची वाट न धरता कुलकथेची वाट धरली. या निवडीतून चित्रपटाला त्याची ऊब मिळते. रोहित आणि कृष्णा या दोन्ही भूमिका करणारा हृतिक रोशन पित्याच्या भूमिकेत अधिक खरा वाटतो, याचे कारणही येथेच आहे. साहसपटाच्या प्रेक्षकाला येथे घरातल्या माणसाची काळजी वाटते. उडत्या वाहनांच्या आणि कोसळणाऱ्या इमारतींच्या दृश्यांपेक्षा ही काळजी त्याला खुर्चीला अधिक खिळवून ठेवते.

३

आता दोषांकडे वळू. पहिला आणि सर्वांना दिसणारा दोष उसनवारीचा. रूप पालटणारी काया आणि धातू वाकवणारा काल यांना पाहताच 'एक्स-मेन' आठवतात, तर संकटात सापडलेले विमान सावरण्याचा प्रसंग सुपरमॅनच्या कथांतून परिचयाचा आहे. परंतु उसनवारी हा स्वतःच दोष मानला, तर मराठी रंगभूमीच्या आणि रहस्यकथेच्या इतिहासातील बरीच पाने फाडावी लागतील. रूपांतरकाराने घेतलेले बी इथल्या मातीत रुजले की नाही, हे पाहावयाचे असते. दुसरा दोष गाण्यांचा. कथेचा वेग ऐन भरात असताना ती थांबवितात. तिसरा योगायोगांचा. हे सर्व दोष मान्य करूनही ते वरवरचे आहेत. खरा दोष संरचनेत आहे.

हा चित्रपट दोन विधाने करतो. पहिले विधान उघड आहे. क्रिश ही एक व्यक्ती नसून जो कोणी दुसऱ्याच्या मदतीला धावतो तो प्रत्येक जण क्रिश होय, असे नायक मुलांना आणि जमावाला सांगतो. मुखवट्याचे हे लोकशाहीकरण आहे. दुसरे विधान कथानकात दडलेले आहे. विषाणू मुंबईभर पसरतो तेव्हा मेहरा कुटुंबाला त्याची बाधा होत नाही. त्यांच्या रक्तात प्रतिकारशक्ती आहे; म्हणून औषध तयार होते ते कृष्णाच्या रक्तातून. कालने विकावयास काढलेले औषधही त्याच्या स्वतःच्या रक्तातून आलेले असते, कारण काल हा रोहितच्याच जनुकांतून प्रयोगशाळेत निर्माण झालेला मुलगा आहे. म्हणजे रोग, औषध, तारणहार आणि संहारक हे सर्व एकाच घराण्यातले. शहराने फक्त आजारी पडावयाचे आणि बरे व्हावयाचे. मुखवटा सर्वांचा असला, तरी रक्त घराण्याचेच राहते.

करोनाच्या साथीनंतर हा भाग पुन्हा पाहताना ही विसंगती अधिक टोचते. साथ आणि लस यांचा मुंबईचा खरा इतिहास अगदी वेगळा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. येथेही शास्त्रज्ञाचे शरीर आहे. पण हाफकिन यांनी आपले शरीर पुरावा म्हणून पुढे केले, औषधाचा झरा म्हणून नव्हे. त्यांची कृती दुसऱ्या कोणालाही शिकता येण्याजोगी होती; म्हणूनच ती विज्ञान ठरली. रोहित मेहरांची कृती त्यांच्या वंशाबाहेर कोणालाही करता येणार नाही.

मराठी विज्ञानकथेने हा फरक आरंभापासून ओळखला होता. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. कथेकडे पाहावे, नावाकडे नव्हे, ही त्यामागची भूमिका त्यांच्या विज्ञानदृष्टीशी सुसंगत होती. 'वामन परत न आला' या त्यांच्या कादंबरीतही प्रगत ज्ञान हाती लागते ते जमिनीखाली सापडलेल्या पेटीतून. ते वाचावे लागते, त्याचा अर्थ लावावा लागतो. तेथे ज्ञान कष्टाने मिळते आणि त्याच्या वापराची जबाबदारीही वाचणाऱ्यावर येते. 'क्रिश ३'मध्ये विज्ञान हे वारसाहक्काचे दुसरे नाव झाले आहे.

४

मग हा चित्रपट आवडतो तो का? वाचकप्रतिसादवादी समीक्षेने शिकविले आहे, की संहितेत काही जागा रिकाम्या असतात आणि वाचक त्या आपल्या अनुभवाने भरतो. 'क्रिश ३'मधील अशी एक जागा माझ्या ध्यानात आली ती विद्यार्थ्यांमुळे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील बजाजनगर येथून पदव्युत्तर वर्गाला येणारे काही विद्यार्थी रात्रपाळी करून तासाला बसतात. १९८५ साली बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने ही वस्ती वाढली. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेल्यांची एक पिढी येथे 'कायम' झाली. आता त्यांच्या मुलांच्या बोलण्यात 'ठेकेदार', 'ब्रेक' आणि 'गेटपास' हे शब्द अधिक येतात. वर्गात लोकप्रिय कथनप्रकारांवर चर्चा चालू असताना त्यांच्यातील एक जण म्हणाला, "सर, उडणं वगैरे सोडा. याची एकही नोकरी टिकत नाही, तेवढंच त्यात खरं आहे."

हे निरीक्षण मार्मिक आहे. चित्रपटाच्या पूर्वार्धात कृष्णाच्या सुरक्षारक्षकासारख्या लहानसहान नोकऱ्या एकामागून एक सुटतात. शहरात कोठे तरी कोणी संकटात असते, तो काम टाकून धावतो आणि परत येतो तो नोकरी गेलेली असते. दिग्दर्शकाने हे प्रसंग विनोदासाठी योजले आहेत. प्रेक्षकाला त्यात वेगळेच काही दिसते. ज्याच्या अंगी शहर वाचविण्याचे बळ आहे, त्याला महिनाअखेरीस पगार आणता येत नाही. घरी आजारी माणूस असताना पाळी सोडून गेलेल्या कोणालाही हा ताण ठाऊक आहे. सुपरव्हायजरसमोर उभे राहून खरे कारण सांगता न येणे, हा मुखवट्याचा सर्वांत लौकिक अर्थ आहे. मुखवटा सर्वांचा आहे हे विधान नायकाच्या उपदेशातून पटत नाही, पण या प्रसंगांतून पटते.

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमध्ये कलाविचार हेलकावतो असे दाखविले. 'क्रिश ३'ची रंजकताही अशीच द्विध्रुवी आहे. उड्डाणे एका ध्रुवावर आहेत आणि गेलेली नोकरी दुसऱ्यावर. दिग्दर्शकाचे दुर्दैव असे, की पूर्वार्धानंतर तो दुसऱ्या ध्रुवाकडे फिरकत नाही. कृष्णाच्या नोकरीचे पुढे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही. बहुधा त्याला ते आठवतही नाही.

वाळूजजवळच्या पंढरपूर गावी आषाढीला मोठी यात्रा भरते. तेथे येणारा श्रोता आणि हा चित्रपट पाहणारा प्रेक्षक पुष्कळदा एकच असतो. त्याला आख्यानातील चमत्कार नवे नाहीत आणि ते तो नाकारतही नाही. निर्वहणात अद्भुत रस असावा, असे नाट्यशास्त्रानेही सांगितले आहे. त्या दृष्टीने, मृत कृष्णाला सूर्यकिरणांच्या योगे पित्याने स्वतःचे प्राण देऊन उठविणे हा शेवट परंपरेला धरून आहे. 'कोई... मिल गया'तील सूर्यप्रकाश येथे परत येतो आणि पूर्वरंगाशी एक खरी गाठ पडते.

५

मात्र पूर्वरंगाचा मुख्य सिद्धान्त सूर्याचा नव्हता. तो अपंग, दुर्बल मुलाच्या मानाचा होता. ज्या मुलाला वर्गाबाहेर काढले जाते, त्याच्या बाजूने तो चित्रपट उभा राहिला. त्या सिद्धान्ताची परीक्षा 'क्रिश ३'मध्ये कालच्या रूपाने येते, आणि येथेच चित्रपट नापास होतो.

काल कोण आहे? तो रोहितचा मुलगा आहे, पण रोहितला त्याची वार्ता नाही. तो अपंग जन्मला, टाकला गेला, परक्या घरी वाढला. आपले शरीर बरे करू शकेल असा जुळणारा अंश शोधण्यासाठी त्याने प्रयोग केले आणि त्या प्रयोगांतून मानवर जन्मले. भाषांतर करून सांगावयाचे तर तो प्रयोगशाळेत आपला बाप शोधतो आहे. बाप सापडतो, त्याच्या अस्थिमज्जेने काल उभा राहतो आणि लोखंडी कवच चढवून भावावर चालून जातो. त्या भावाचे नाव कृष्णा आहे.

मराठी वाचकाला ही कथा कोणाची, हे सांगावे लागत नाही. शिरवाडकरांचे 'कौंतेय', शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय', रणजित देसाईंचे 'राधेय' या कृतींनी टाकून दिलेल्या, कवचधारी थोरल्या भावाचे दुःख आपल्या वाङ्मयात खोल रुजविले आहे. रक्त तेच, घर मात्र नाही, हा कर्णाचा पेच आहे. सूर्यावर उभ्या असलेल्या या वंशगाथेला तिचा कर्ण आपोआप मिळाला होता. चित्रपटाने त्याला ओळखले नाही. रोहितला सत्य कळते, पण त्याच्या मुखी या मुलासाठी शोकाचे चार शब्दही टिकत नाहीत. विवेक ओबेरॉयला थंडपणे दरडावण्यापलीकडे काही करावयास मिळत नाही. पहिल्या भागात ज्या शरीराला सहानुभूती मिळाली, तेच शरीर तिसऱ्या भागात राक्षसाचे झाले आणि सूर्यकिरणांनी जाळले गेले. दोघांत फरक एवढाच, की एकाला आई मिळाली होती.

याच्या उलट, चित्रपटाने ज्याचा फारसा विचार केलेला दिसत नाही, ते पात्र त्याच्या हातून निसटून मोठे होते. कायाला आईबाप नाहीत, वंश नाही, वारसा नाही. ती कामासाठी घडविली गेली आहे. कारेल चापेक यांनी आपल्या १९२० च्या नाटकातून 'रोबो' हा शब्द जगाला दिला, तो वेठीच्या कामाचा अर्थ असलेल्या चेक शब्दावरून. काया यंत्र नसली, तरी तिची जात तीच. मालक सांगेल ते रूप घ्यावयाचे, हे तिचे काम. प्रियाचे रूप घेऊन ती मेहरांच्या घरात शिरते, त्या घरात वावरते आणि तिला प्रथमच काही तरी स्वतःसाठी हवेसे वाटते. शेवटी कृष्णाला प्रियापर्यंत पोहोचण्यास ती मदत करते आणि त्याची किंमत तिला प्राणांनी चुकवावी लागते. कंगना राणावतने हे स्थित्यंतर फार थोड्या हावभावांत दाखविले आहे. उसने रूप घेतलेल्या स्त्रीचा खरा चेहरा दिसावा, ही अवघड गोष्ट तिने साधली आहे.

जो कोणी दुसऱ्यासाठी धावतो तो क्रिश, या विधानाचा पुरावा चित्रपटात शोधू गेल्यास तो कायापाशीच सापडतो. बाकी सर्वांचा चांगुलपणा त्यांच्या रक्तातून आलेला. हिने मात्र तो निवडलेला. असे असूनही तिच्या मृत्यूनंतर कथा क्षणभरही रेंगाळत नाही. शहर क्रिशचा पुतळा उभारते. कायासाठी घरातही कोणी दिवा लावल्याचे दिसत नाही.

म्हणून या चित्रपटाचे मूल्यमापन करताना 'तर्क बाजूला ठेवून पाहिला तर बरा आहे' ही नेहमीची पळवाट घेऊ नये. त्याचा तर्क नीट धरून पाहिला, तरच त्यातील बरे काय आणि वाईट काय, हे कळते. घर, बाप आणि काळजी यांच्या बळावर त्याने महानायकाला माणसांत आणले, हे त्याचे श्रेय. त्याच घराच्या उंबऱ्यावर काल आणि काया या दोघांना ताटकळत ठेवले, हा त्याचा दोष. चौथ्या भागाची घोषणा २०२५ साली झाली आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी जन्मलेले मूल उडू लागते, तेव्हा पुढची पिढीही रक्ताच्याच बळावर उभी राहणार, असे चिन्ह दिसते. तसे झाले, तर तंत्र सुधारेल, इमारती अधिक सफाईने कोसळतील आणि मूळ विसंगती तशीच राहील. त्याऐवजी ठेकेदाराकडे कामाला जाणाऱ्या, कोणत्याही शास्त्रज्ञाच्या पोटी न जन्मलेल्या एखाद्या मुलाने तो मुखवटा उचलला, तर या मालिकेला तिचा खरा उत्तररंग लाभेल.